वशिंड नसलेला बैल

पाठक बाईंमुळे माझं नऊ बालवाड्यांचं काम गेलं. तेही एकदा नाही, दोनदा. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल सगळं गोडगोड लिहायची पद्धत आहे. मला ती जमणार नाही. बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि तो गेला असं मी इथे लिहिलं असतं तर ते खोटं आहे हे सगळ्यांत आधी बाईंनीच ओळखलं असतं.

माझा छापखाना केडगावात, पुणे रस्त्याला लागून. त्याआधी आठ वर्षं मी नागापूरच्या एका कारखान्यात मशीन पुसायचं काम केलं. पुसता पुसता चालवायला शिकलो. मग घरातल्या घरात स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका छापायला लागलो, मग एक जुनं ऑफसेट मशीन घेतलं. कुणी बोट धरून वर आणलं नाही. भाव करायला मी बाजारातच शिकलो. समोरच्याच्या तोंडून माझाच आकडा वदवून घ्यायचा, ही माझी पद्धत, आणि ती सहसा फसत नाही. बाईंपुढे ती एकदाही चालली नाही.

छापखान्याचं एक दुखणं असतं. लग्नसराई संपली की मशीन थंड पडतं. शिंगणापूरच्या दुकानदारांच्या प्रसादाच्या पिशव्या, पावतीपुस्तकं, एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाची पत्रकं, एवढ्यावर पुढचे चार-पाच महिने काढायचे. म्हणून माझ्या डोक्यात आलं की बालवाडीच्या मुलांसाठी सुट्टीतल्या रंगभरणाची पुस्तिका काढावी. पोळा, गणपती, दिवाळी, नाताळ, संक्रांत. प्रत्येक सुट्टीची चार-पाच चित्रं. सुट्टी लागायच्या दिवशी वर्गात बाईंनी सुरुवात करून द्यायची, बाकीची मुलांनी घरी रंगवायची. आमच्या भागात एका संस्थेच्या नऊ बालवाड्या आहेत. मी संस्थेच्या सचिवांना गाठलं. त्यांनी नमुना चाळला आणि म्हणाले, "चांगलं आहे. फक्त वाडीवरच्या पाठक बाईंना दाखवून या, आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या त्या. त्या हो म्हणाल्या की नऊही बालवाड्यांचं काम तुमचं."

मला वाटलं, झालं काम. एका बालवाडीच्या बाईला पटवायला कितीसा वेळ लागतो?

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी मोटारसायकल काढून वाडीवर गेलो. समाजमंदिराला लागून एक खोली, वर पत्रा, पुढे छोटी ओसरी. आत सतरंजीवर तीसेक मुलं, आणि त्यांच्यातच खाली बसलेल्या बाई. एक पाय मुडपलेला, दुसरा लांब सोडलेला, मांडीवर प्लायवूडचा तुकडा, त्यावर कागद. उंच, सडपातळ बाई. सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ, आणि उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना काळी शाई. ती शाई मी नंतर कधी निघालेली पाहिली नाही.

समोर एक मुलगा उभा होता. बाई त्याला विचारत होत्या, "तुमच्या बैलाची शिंगं कशी? वर गेलेली का बाजूला?"

"एकाची वर, एकाची बाजूला."

"दोघंही काढू?"

"न्हाई. बाजूवाला मारतो. त्यो नको."

बाईंनी चार-पाच रेघांत वर शिंगं गेलेला बैल काढला आणि कागद त्याच्या हातात दिला. मग पुढची मुलगी. तिचा बैल वेगळा. त्यापुढचा मुलगा म्हणाला, आमच्याकडं बैल न्हाई, ट्रॅक्टर हाय. बाईंनी ट्रॅक्टर काढला, त्याच्या पाठीवर झूल टाकली आणि पुढच्या दोन दिव्यांवर शिंगं काढली. तीस मुलांना तीस वेगवेगळे कागद, सगळे हाताने. सुट्टी लागायच्या दिवशी हे असं दर सणाला चालायचं, आणि याला वाडीवर 'सुट्टीचा कागद' म्हणायचे. वर्गात तासभर रंगवायचा, राहिलेला घरी न्यायचा.

धंदेवाल्या माणसाच्या मनात पहिलं येईल तेच माझ्या मनात आलं. ही बाई किती वेळ घालवतेय! माझं पुस्तक घेतलं तर हे सगळे कष्ट वाचतील. तसं मी त्यांना म्हणालोही. बाईंनी पुस्तिका घेतली, पोळ्याचं पान काढलं, आणि विचारलं, "कुणाचा आहे हा?"

"कुणाचा म्हणजे? बैल आहे."

"ते दिसतंय. पण कुणाचा?"

बाई म्हणाल्या, "विचारून बघू." हे त्यांचं नेहमीचं. कशावरही स्वतःचं मत द्यायच्या आधी त्या मुलांना विचारायच्या. त्यांनी पान उचलून मुलांपुढे धरलं. "ओळखा बघू, हे कोण आहे?"

मुलं बघत राहिली. मग दोन वेण्यांची एक मुलगी गुडघ्यांवर पुढे सरकली. ईश्वरी तिचं नाव, वय असेल चार. पान तिने अगदी जवळून पाहिलं. "बाई, ही जरशी हाय."

"कशावरून?"

"वशिंड न्हाई ह्याला."

"नसलं म्हणून काय झालं?"

तिने बाईंकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "मंग जू कुठं ठिवायचं?"

मागून एक जण ओरडला, "येसन बी न्हाई! सुटून आलाय त्यो!" आणि सगळा वर्ग हसत सुटला. ओसरीवर भांडी घासणाऱ्या मदतनीस कौसाबाईसुद्धा दारात येऊन हसायला लागल्या.

मी शेतकऱ्याचा मुलगा. बैलांच्या मागे चाललेलो आहे. वशिंड नसलेला बैल नांगराला जुंपता येत नाही हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण चित्रं मी कॉम्प्युटरवरून उतरवून घेतली होती, रेघ स्वच्छ आहे ना, छपाई उठून येते ना, एवढंच बघितलं होतं. सगळी पानं मी स्वतः तपासली होती आणि बैल एकदाही बघितला नव्हता.

पुढे नाताळचं पान निघालं. त्यावर बर्फाचा माणूस, गळ्यात मफलर. "हा कुणाचा?" बाईंनी विचारलं. एका मुलाच्या घरी नाताळ असायचा. तो म्हणाला, "आमच्यात करंज्या करत्यात. अन् दारात चांदणी लावत्यात. ह्यो न्हाई येत."

बाईंनी पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. "गाडेभाऊ, पुस्तक कुणासाठी आहे ते ठरवा आणि परत या."

"मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "पोरांपुढं शोभा कशाला केली?"

"मला तरी कुठे माहीत होतं? मी विचारलं, त्यांनी सांगितलं."

त्या वर्षीचं काम गेलं. हे पहिल्यांदा.

मी हार मानणाऱ्यांतला नाही. एखादं गिऱ्हाईक एकदा नाही म्हणालं की त्याच्याकडे दहा वेळा जायचं, हे मी धंद्याच्या पहिल्या वर्षात शिकलो. पुढच्या वर्षीच्या कामासाठी बाईंना राजी करायचं म्हणून मी वाडीवर जाऊ लागलो. कधी छपाईचे उरलेले कागदाचे तुकडे न्यायचो, कधी जुने पुठ्ठे. बाई ते आनंदाने घ्यायच्या आणि पुस्तकाबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. त्या केडगावहून रोज एसटीने यायच्या, एवढं कळलं. त्यांच्या घरचं, लग्नाचं, मागचं-पुढचं मला फारसं माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. मला बाई त्या खोलीतल्याच माहीत.

एकदा मी रंगीत खडूंच्या दहा नव्या पेट्या घेऊन गेलो. म्हटलं, एवढ्याने तरी बाई विरघळतील. बाईंनी मुलांना गोल बसवलं, पेट्या उघडल्या, आणि एक-एक खडू काढून त्याचा कागद सोलून मधोमध मोडायला सुरुवात केली. कट्, कट्, कट्. मुलं प्रत्येक आवाजाला टाळ्या वाजवत होती. माझा जीव वरखाली झाला.

"बाई, नवा माल आहे हो!"

"म्हणून तर मोडतेय. नवा असला की मुलं जपून धरतात. मोडेल म्हणून दाबत नाहीत. आता मोडून झाला, आता भीती संपली." मग मुलांकडे वळून, "घ्या रे. जोर लावून रंगवा."

मोडलेले खडू एका तेलाच्या पत्र्याच्या डब्यात गेले. त्या डब्यात मी कधी अखंड खडू पाहिला नाही.

रंग रेघेच्या बाहेर गेला की मुलं घाबरतात. बहुतेक बाई त्यावर ओरडतात, माझ्या मुलीच्या बाई तर पट्टी घेऊन बसायच्या. पाठक बाईंच्या वर्गात एखाद्याचा रंग बाहेर गेला आणि तो रडवेला झाला की बाई वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "बाहेर गेला होय? जाऊ दे. चरून येईल." बैल असो, पणती असो, गणपतीचा उंदीर असो, उत्तर तेच. मुलांनाही त्याची सवय झाली होती. शेजारच्याचा रंग बाहेर गेला की तीच एकमेकांना सांगायची, जाऊ दे, चरून येईल.

सुट्टी संपली की कागद परत यायचे, आणि बाई प्रत्येकाला विचारायच्या की काय काय झालं. तो ट्रॅक्टरवाला मुलगा पोळा झाल्यावर आला तो आईला घेऊनच. आई म्हणाली, "बाई, तुमी ह्याला काय चितार दिलं? ह्यानं आज्याला दाखवलं. आज्यानं खरंच पुठ्ठ्याची शिंगं करून बांधली की ट्रॅक्टरला! वेशीतून मिरवला. समदा गाव हसला."

"आजोबा हसले का?"

"त्येच तर लई हसले."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या.

दिवाळीनंतरची गोष्ट तर मी स्वतः बघितलेली. एका मुलाला बाईंनी त्याच्या घरच्या कोनाड्यातली पणती काढून दिली होती. त्याने कागद परत आणला तो चिकट, पिवळा पडलेला, वास मारणारा. रंगाचा एक ठिपका नाही. त्याची आई आधीच हात जोडून उभी. "बाई, ह्यानं पार सत्यानाश केला कागदाचा. पणतीत खरं तेल वतलं." मुलगा मान खाली घालून उभा होता.

माझ्या धंद्यात तेलाचा डाग पडलेला कागद म्हणजे रद्दी. त्यावर शाई बसत नाही, तो दुसऱ्या कागदालाही खराब करतो. मी तसं म्हणणारच होतो. बाईंनी तो कागद दोन बोटांत धरून खिडकीपाशी नेला आणि काचेवर टेकवला. बाहेर ऊन होतं. तेल जिथे मुरलं होतं तिथून उजेड आरपार आला, बरोबर पणतीच्या जागी.

"बघा," बाई म्हणाल्या. "पेटली."

तो कागद त्यांनी खिडकीच्या काचेला चिकटवून टाकला. पुढे वर्षभर तो तिथेच होता.

दुसऱ्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर मी नवी पुस्तिका घेऊन गेलो. या वेळी नगरमधल्या एका चित्रकाराला मी वाडीवर नेऊन बैल दाखवला होता. वशिंड होतं, वेसण होती, करंज्या होत्या, चांदणी होती. बाईंनी पानं उलटली. त्यांनी मान हलवली तेव्हा मला वाटलं, आता हो म्हणणार.

"चांगलं झालंय. पण सगळ्यांना एकच बैल?"

"बाई, छापायचं म्हणजे एकच असणार! नऊ बालवाड्यांतल्या पोरांचे बैल मी कुठून आणू?"

"मग तुम्ही आणू नका. त्यांना आणू द्या." त्यांनी बैलाच्या समोरच्या पानावर हात ठेवला. तिथे गणपती छापला होता. "हे पान कोरं ठेवा. इकडे तुमचा बैल, इकडे मुलाचा."

"कोरं पान? छापखान्याने कोरं पान द्यायचं?"

"प्रत्येक चित्रासमोर एक."

मी डोक्याला हात लावला. मग मी माझ्या पद्धतीने भाव करायला लागलो. म्हणालो, शेवटी दोन पानं कोरी देतो. बाई म्हणाल्या, शेवटी कोण जातं? म्हणालो, चार देतो, मधे मधे टाकतो. बाई म्हणाल्या, प्रत्येक चित्रासमोर. म्हणालो, अर्धं पान कोरं ठेवतो, वर चित्र, खाली जागा. बाई म्हणाल्या, अर्ध्या पानात बैल मावेल, पण मग त्याचा मालक कुठे उभा राहील? मी उठलो, मोटारसायकलपर्यंत गेलो. गिऱ्हाईक अशा वेळी मागून हाक मारतं, हा माझा अनुभव. मागे वळून बघितलं तर बाई एका मुलाच्या नाकाला रुमाल लावत होत्या.

मी परत आत गेलो आणि हो म्हणालो. वीस चित्रं, वीस कोरी पानं. बाईंनी सचिवांना चिठ्ठी लिहून दिली की पुस्तक योग्य आहे. ती लिहिताना मी पहिल्यांदा बघितलं की त्यांचा उजवा हात थरथरतोय. डाव्या हाताने मनगट धरून त्यांनी सही केली. त्या पोळ्याला काढलेल्या बैलांच्या रेघाही थरथरत होत्या. एका मुलाने विचारलंच, "बाई, ह्याला थंडी वाजतीया का?" बाई म्हणाल्या, "हो. तू झूल चांगली जाड रंगव."

चिठ्ठीच्या जोरावर मी सचिवांना दाखवायला शंभर प्रती छापूनसुद्धा टाकल्या. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर पुण्याहून आलेली एक पुस्तिका होती. जाड, गुळगुळीत, चकचकीत. माझी पुस्तिका उघडून ते म्हणाले, "गाडे, निम्मं पुस्तक कोरं! पालक म्हणतील, छापायचं राहून गेलं. नाही चालायचं."

बाईंची चिठ्ठी दाखवली. ते हसले. "बाईंचं ठीक आहे हो. त्या आता किती दिवस?"

तिथून मी तडक वाडीवर गेलो. डोकं तापलेलं होतं. माझं डोकं तापलं की मला समोर कोण आहे ते दिसत नाही. त्या दिवशी माझ्यासमोर कोण आहे हे मला दिसत होतं, आणि तरी मी बोललो. सुट्टी लागायचा दिवस होता. बाई खाली बसून पणत्या काढत होत्या, मुलं भोवती.

"गेलं काम," मी दारातूनच म्हणालो. "तुमच्या कोऱ्या पानांनी गेलं."

बाईंनी वर पाहिलं. "नाही म्हणाले का? वाईट झालं."

"वाईट झालं म्हणून भागतं व्हय? दोन वर्षं खेटे घालतोय मी! कुणाचा, कुणाचा, विचारून बघू, विचारून बघू! आता एवढं पण विचारा की पोरांना, बाईंच्या हाताला सरळ रेघ येती का म्हणून!"

कौसाबाई दारात येऊन थांबल्या. बाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग मांडीवरच्या कागदाकडे. अर्धी पणती काढून झाली होती. मी वाट बघत होतो की त्या म्हणतील, विचारून बघू. मुलं पण बघत होती त्यांच्याकडे. बाईंनी विचारलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खडूंच्या डब्यात ठेवून दिलं.

मी निघून आलो.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी कौसाबाई छापखान्यात आल्या, नातवाच्या जावळाची पत्रिका छापायला. मजकूर ठरला, कागद ठरला, तरी त्या उठेनात.

"शेठ, ह्या दिवाळीला बाईंनी कागद दिलाच न्हाई कुणाला," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्याव पेन उचललंच न्हाई त्यांनी. पोरं तशीच गेली रिकाम्या हातानं. मी बारा वरसं तिथं हाय. असं कवा झालं न्हाई."

"पुण्याची पुस्तकं आली असतील की."

"आल्यात. त्येच्याव खडू बसतोय व्हय? घसरतोय निस्ता. पोरांनी थुकी लावून बघितली." मग पिशवी उचलत म्हणाल्या, "बाई आता नाताळपतोरच हायेत. मंग भनीकडं जायच्यात, संगमनेरला. हात लईच हालतोय."

काम माझं गेलं होतं, आणि ते बाईंच्या हट्टामुळेच गेलं होतं, हे खरं होतं. आजही खरं आहे. पण त्या दिवशी मी जे बोललो ते त्या हिशेबात बसत नव्हतं. कागद कापताना, पानं जुळवताना, दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे ते टोपण लावलेलं पेन यायचं. मागे त्या शंभर पुस्तिका दोन गठ्ठ्यांत पडून होत्या. गुळगुळीत कागद मला परवडला नव्हता. साध्या खरखरीत कागदावर छापल्या होत्या. खडू त्याच कागदावर बसतो.

नाताळची सुट्टी लागायच्या दिवशी एक गठ्ठा मोटारसायकलला बांधून मी वाडीवर गेलो. रस्ताभर मनात जुळवाजुळव करत होतो. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे वाक्य काही नीट होईना. ओसरीत चपला काढल्या आणि गठ्ठा काखेत घेऊन दारात उभा राहिलो.

बाई त्यांच्या जागेवर होत्या. एक पाय मुडपलेला, एक लांब सोडलेला. मांडीवर फळी नव्हती. खिडकीत तो तेलाचा कागद तसाच होता. मुलं चकचकीत पुस्तकांवर खडू घासत होती आणि खडू घसरत होते.

"या गाडेभाऊ," बाई म्हणाल्या. मधे काही झालंच नव्हतं अशा आवाजात.

"पुस्तकं आणलीत," मी म्हणालो. बाकी सगळं राहूनच गेलं. "पोरांना द्यायची तर द्या. किती ठेवू?"

बाईंनी मुलांवरून एकदा नजर फिरवली. "पोरं बत्तीस आहेत," त्या म्हणाल्या. "तेहेतीस ठेवा."

मी मोजून ठेवली. वरची एक त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि उघडली ती नेमकी पोळ्याच्या पानावर. माझा बैल, वशिंड, वेसण, सगळं जागच्या जागी. शेजारी ईश्वरी बसली होती. वर्षाने मोठी झाली होती, वेण्या तशाच. बाईंनी तिच्यापुढे पान सरकवलं. "कुणाचा आहे गं हा?"

मी मान लांब करून बघू लागलो.

ईश्वरीने बैल नीट पाहिला. वशिंडावर बोट ठेवून पाहिलं. "बैल बराबर हाय," ती म्हणाली. "पर कुणाचाच न्हाई."

बाई हसल्या. माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून. मग समोरच्या कोऱ्या पानावर तळहात फिरवला. "मग इथे तुझा काढ. मला काढता येत नाही आता. तू काढ, मी रंगवते."

ईश्वरीने डब्यातून बाईंचं काळं पेन काढलं. जीभ दातांत धरून तिने आधी वशिंड काढलं, बैलाएवढं मोठं, आणि मग त्याच्याखाली बाकीचा बैल बसवला. शिंगं काढली. बाजूला एक माणूस काढला, त्याच्या हातात कासरा दिला. "झाला," ती म्हणाली.

बाईंनी डब्यातला लाल खडूचा तुकडा घेतला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि झूल रंगवायला सुरुवात केली. मी दारातच उभा होतो. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. हात थरथरत होता, खडू पाठीवरून सुटला आणि लाल रेघ बैलाच्या बाहेर, थेट पानाच्या कडेपर्यंत गेली. बाई थांबल्या.

ईश्वरीने वाकून पाहिलं.

"जाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "चरून येईल."